मोहरड्याची बोलफेरी

बसा, या कातळावर बसा. आधी पाणी प्या. इथवर येणारे पाव्हणे पहिल्यांदा धापा टाकतात आणि दम खाऊन झाला की विचारतात, देवळाच्या खांबाला ते लाल कापडातलं गाठोडं कसलं टांगलंय?

ते मोहरड्याचं, म्हणजे या डोंगराचं, पुस्तक आहे. या डोंगरावरचे झरे, कडे, चोरवाटा, कोण कुठं जन्मलं, कोण कुठून पडलं, कुठल्या झाडाची साल कुठल्या दुखण्याला लावायची, कुठल्या खिंडीत कुणाची भांडणं झाली आणि ती कशी मिटली, ते सगळं त्यात आहे. दर चैत्रात तिन्ही वाड्यांची माणसं हे पुस्तक एका बाईच्या डोक्यावर देऊन सबंध डोंगराला फेरी घालतात. सहा दिवस लागतात. त्याला आम्ही बोलफेरी म्हणतो. प्रत्येक जागेपाशी थांबायचं, कुणीतरी पुढं होऊन त्या जागेची गोष्ट तोंडानं सांगायची, आणि ती पुरी झाल्यावरच पुस्तक उघडून ताडून बघायचं. सांगण्याआधी कुणी पान उघडलं, तर सगळी फेरी मागं फिरते आणि पहिल्यापासून सुरू होते. माझ्या बघण्यात एकदा तसं झालंय. चौथ्या दिवशी. चारशे माणसं मुकाट्यानं मागं गेली.

पुस्तक असून मिटून का ठेवायचं, असं तुमच्यासारखे शिकलेले लोक विचारतात. त्याचं कारण सांगते. मी मथुरा गुरव. मला हे माझ्या आजेसासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं.

असं सांगतात, की शंभर-सव्वाशे वर्षांमागं माघ महिन्यात खालून मोजणीचा एक साहेब आला. त्याच्याबरोबर तंबू होते, लोखंडी साखळ्या होत्या, डझनभर माणसं होती आणि त्रिंबकराव नावाचा कारकून होता. आठ दिवस त्यांनी डोंगरभर पांढरी निशाणं रोवली. मग तिन्ही वाड्यांना याच देवळापुढं बोलावलं. वरची वाडी धनगरांची, मधली कोळ्यांची आणि खालची मिसळ वस्तीची. साहेब खुर्चीवर बसला होता. बोलला तो कारकूनच.

"सरकार हा डोंगर राखीव करणार आहे. निशाणांच्या आत पुढच्या वर्षापासून वस्ती नाही, मेंढरं नाहीत, मध काढायचा नाही, कारवी तोडायची नाही. खाली माळावर जागा मिळेल."

माणसांना आधी कळलंच नाही. मग धनगरांचा म्हातारा बिराजी कोकरे काठी टेकत उभा राहिला. पंचाहत्तरीचा होता म्हणे, पण ताठ.

"सायेब, ह्या डोंगरावर एकशे चाळीस जागांना नावं हायती. तुमच्या कागदावर त्यातलं एक तरी हाय का?"

त्रिंबकराव हसला. "म्हातारबा, नाव तोंडात असून काय उपयोग? डोंगर तुमचा आहे असं कुठं लिहिलेलं असेल तर दाखवा."

लिहिलेलं काही नव्हतं. साहेबानं कारकुनाला आपल्या भाषेत काही सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता असं सांगतात, फक्त त्याला कागदाशिवाय काही दिसत नसे. कारकुनानं सांगितलं, की साहेब एका वर्षाची मुदत देतात. येता चैत्र सोडून त्याच्या पुढच्या चैत्रात ते परत येतील. तोवर लिखित पुरावा मिळाला नाही, तर निशाणांची रेघ पक्की होईल.

तंबू उठले. माणसं तिथंच बसून राहिली. सगळ्या डोंगरावर अक्षर ओळखणारं कुणी नव्हतं. कोळ्यांचा पुढारी म्हणाला, "खालून एखादा बामण आणूया लिहायला." दुसरा म्हणाला, "त्याला काय ठाऊक आपलं?" तेव्हा बायकांच्या मागून आवाज आला.

"मला येतं लिहायला."

ती या देवळाच्या गुरवाची बायको होती, ठकू. लग्न होऊन चार वर्षं झाली होती. तिचे वडील खालच्या बाजारगावच्या देवळात गुरव होते आणि पोथी वाचत. पुढं त्यांचे डोळे जाऊ लागले, तेव्हा त्यांनी लेकीला अक्षरं शिकवली आणि तिच्याकडून पोथी वाचून घेतली. सासरी येताना त्यांनी तिला बजावलं होतं, की बाईला वाचता येतं हे कुणाला सांगू नकोस, लोक नावं ठेवतात. म्हणून ती चार वर्षं गप्प होती. तिचा नवरा सोनजीसुद्धा त्या दिवशी तिच्याकडं बघतच राहिला.

मग बघत राहणं सोडून तो म्हणाला, "शाई कशाची करतात?"

आता इथल्या देवीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ही हाकाई. साहेब यायच्याही पन्नास वर्षं आधी, एका श्रावणात सात दिवस पाऊस आणि धुकं हटलं नाही आणि खालच्या वाडीवरची दरड सुटायला लागली. वाट दिसत नव्हती. तेव्हा वरून कुठूनतरी एक हाक येऊ लागली. दिवसभर येत राहिली. त्या हाकेच्या रोखानं चाळीस घरांतली माणसं वर चढली आणि वाचली. मागं सगळी वाडी गाडली गेली. सकाळी लोक म्हणाले, आई हाक मारत होती. त्यांनी इथं बिनघडीव दगडाचा तांदळा मांडला, शेंदूर लावला आणि सोनजीच्या बापाला खालून गुरव म्हणून आणलं.

त्या हाकाईपुढं ठकूनं तांदूळ वाहिले आणि तीन गोष्टींचा नवस बोलली. "आई, जिथं माझा पाय लागला नाही ती जागा मी लिहिणार नाही. सांगणाऱ्याचं नाव टाकल्याशिवाय एक ओळ लिहिणार नाही. आणि पुस्तक पुरं होईस्तोवर डोंगर उतरणार नाही."

तिसरी गोष्ट ऐकून बायका चरकल्या. माहेर खाली होतं, बाप आंधळा आणि एकटा होता. पण बोललेलं परत घेता येत नाही.

कोळ्यांच्या बायका मध आणि हिरडे घेऊन बाजाराला गेल्या आणि कागद घेऊन आल्या. सोनजीनं हिरडे लोखंडी कढईत उकळले, काजळी घातली, धावड्याचा डिंक घातला. पहिली शाई पातळ झाली, दुसरी इतकी घट्ट की बोरू अडकायचा. तिसरी जमली. ठकू शाईची बुधली कमरेला बांधून निघाली.

फाल्गुनापासून ती चालत होती. मधाची पोळी लागतात त्या कड्याचं नाव लिहायचं म्हणून कोळ्यांनी तिला वेलीच्या दोरानं कमरेला बांधून खाली सोडलं. खाली पाचशे हात दरी. ती कपारीत पाय टेकवून वर ओरडली, "लागला पाय!" तेव्हा कुठं दोर ओढला. जानी नावाची एक सुईण होती, साठीला टेकलेली. तिनं ठकूला माळामाळातून हिंडवून दाखवलं, की कोण करवंदीच्या जाळीत जन्मलं, कोण मेंढरांच्या वाड्यात, कोण वाटेवर. "हे पण लिव्ह," जानी म्हणायची, "माणूस जिथं पडला तेवढंच सांगत्यात, जिथं आला ते कोण सांगतच न्हाई."

एकटा बिराजी तिच्याशी बोलेना. आणि गोम अशी, की सगळ्यात जास्त त्यालाच ठाऊक होतं. ठकू तीनदा त्याच्या मेंढवाड्यावर गेली. तिसऱ्यांदा तो एवढंच म्हणाला, "पोरी, तोंडातलं हालतं-चालतं असतंय. तू कागदात घातलंस की पोरं ऐकायची सोडून देतील. कागद हाय की, म्हणतील. मग डोंगर ऱ्हायला काय आन् गेला काय."

 ती नमस्कार करून परतली. पण तेव्हापासून तिनं एक केलं. जेवढं लिहून होई तेवढं ती दिवेलागणीला देवळात बसून मोठ्यानं वाची. हळूहळू तिन्ही वाड्यांची माणसं येऊ लागली. ऐकून जात आणि घरी लेकरांना सांगत. ज्यांनी तीस-तीस वर्षं एकमेकांच्या वाडीत पाणी प्यायलं नव्हतं, ती माणसं एकमेकांच्या आज्या-पणज्यांच्या गोष्टी ऐकून हसत होती.

बिराजीही यायचा. पण लांब, पायरीच्या खाली, पाठ करून बसायचा.

एका संध्याकाळी ठकू गिधाडमाचीच्या झऱ्याचं वाचत होती. "हा झरा कोळ्यांनी शोधला असं कोळी सांगतात. धनगर सांगतात की हा रामजी कोकरे यांच्या आंधळ्या मेंढीनं शोधला." रामजी म्हणजे बिराजीचा बाप. तसा पायरीखालून आवाज आला, "आंधळी न्हाय, लंगडी!"

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. ठकू म्हणाली, "बाबा, मला आंधळी सांगितली."

"कुणी सांगितली? त्याला काय कळतंय! लंगडी व्हती, म्हणून कळपाच्या मागं ऱ्हायली आन् वल्या मातीत तिचा पाय रुतला. आंधळ्या मेंढीला कशाला गावंल झरा?" बोलता बोलता म्हातारा पायऱ्या चढून वर आला होता. ठकूनं बोरू बुडवला आणि सगळ्यांसमोर 'आंधळी' खोडून 'लंगडी' लिहिलं, पुढं लिहिलं, 'सांगणार बिराजी रामजी कोकरे.' आणि ते त्याला वाचून दाखवलं. त्यानं आपलं नाव पुन्हा एकदा वाचायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत तो काठी घेऊन तिच्या दारात उभा होता. "चल," म्हणाला. "चुका सुदरायच्या हायती."

त्यानंतर पाच महिने तो तिच्या पुढं आणि ती त्याच्या मागं, असा डोंगर त्यांनी पायाखाली घातला. एकशे चाळीस जागा झाल्या, पुढं आणखी साठ झाल्या.

आश्विनात खालून निरोप आला, की वडील अंथरुणाला खिळलेत, लेकीचं नाव घेतात. ठकू या कातळाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. हवा स्वच्छ असली की इथून बाजारगावच्या देवळाचा कळस दिसतो. सोनजी म्हणाला, "जा तू. नवस मी फेडीन, काय व्हायचं ते मला होईल." जानी म्हणाली, "आई काय खायला बसलीय का? जा पोरी." ठकूनं कळसाकडं बघत हात जोडले. मग म्हणाली, "मी गेले तर त्यांना आवडणार नाही. अर्धी सोडलेली पोथी त्यांना चालायची नाही." सोनजी एकटा गेला. पाचव्या दिवशी तो डोकं भादरून परत आला, तेव्हा ती काहीच न विचारता आत गेली. पुस्तकाचं पहिलं पान तिनं कोरं ठेवलं होतं. त्यावर तिनं बापाचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, 'अक्षरं यांनी दिली.'

पुस्तक पुरं होत आलं. एकच जागा राहिली. तिन्ही वाड्यांना पाणी देणारा मोठा झरा ज्या कड्याच्या पोटातून फुटतो तो कडा. अर्धा तुटलेला आहे. त्याला नाव नव्हतं आणि त्याची गोष्ट कुणी सांगत नव्हतं. ठकू तिथं जाऊन उभी राहिली, पण बिराजी चार पावलं मागंच थांबला.

"इथलं, बाबा?"

"इथलं मला ठावं हाय," तो म्हणाला. "सांगायचं न्हाई."

तिनं आग्रह केला नाही. एका पानावर तिनं लिहिलं, 'या जागेचं एका माणसाला ठाऊक आहे. त्यानं सांगितलेलं नाही.' बाकीचं पान कोरं सोडलं.

चैत्र लागला आणि साहेब आला. ठकूनं लाल कापडातलं पुस्तक दोन्ही हातांनी त्याच्यापुढं ठेवलं. त्रिंबकरावानं पानं चाळली, बोट लावून पाहिलं, वास घेतला. त्याच्या चेहऱ्यावर थोडं आश्चर्य होतं, पण मान त्यानं नकारार्थीच हलवली.

"बाई, अक्षर चांगलं आहे. पण शाई ताजी आहे. गेल्या वर्षी मुदत दिली आणि वर्षात पुस्तक तयार झालं. एका बाईनं घरात बसून रचलं नाही कशावरून? हा पुरावा धरता येत नाही."

 वर्षभराची पायपीट, दोर, शाई, बापाचं तोंडही न बघणं, सगळं एका वाक्यात निकालात निघालं होतं. सोनजीनं तिचा हात धरला. ठकूनं तो हळूच सोडवला आणि पुढं झाली. मोठ्या माणसांपुढं ती कधी बोललेली नव्हती, पण वर्षभर रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचून तिचा आवाज मोकळा झाला होता.

"पुस्तकावर विश्वास ठेवू नका," ती म्हणाली. "ते मिटून तुमच्याजवळ ठेवा. आम्हाला देऊ नका. डोंगरभर फिरा, वाटेत जो भेटेल त्याला विचारा. लेकराला विचारा, म्हातारीला विचारा. त्यानं सांगून झालं की मग उघडा. मेळ बसला नाही तर आम्ही स्वतःहून खाली उतरू."

त्रिंबकरावानं साहेबाला ते सांगितलं. साहेब उठला म्हणे, त्यानं टोपी घातली आणि म्हणाला, चला.

पुस्तक कारकुनाच्या काखेत होतं. पहिल्याच उतारावर शेरडं राखणारी नऊ वर्षांची एक पोर भेटली. त्रिंबकरावानं विचारलं, "ए मुली, या टेकाडाला काय म्हणतात?"

"भाकरीचा टेप," पोर म्हणाली. "माझ्या आत्तीच्या आजीनं चोरांना भाकरी वाढली हितं. पोटभर जेवली आन् चोरी न करता गेली ती. मला आत्तीनं सांगितलं."

कारकुनानं पान काढलं. भाकरीचा टेप. चोर. सांगणार, त्या पोरीची आत्या. पुढच्या जागेकडं त्यानं आपणहून पाऊल उचललं.

पाच दिवस असं चाललं. दीडशेच्या वर जागा झाल्या. चौथ्या दिवशी एका खिंडीत एका कोळ्यानं जे सांगितलं त्याच्या बरोबर उलटं एका धनगर बाईनं सांगितलं. तो म्हणाला, हितली मारामारी आमी जिंकली. ती म्हणाली, खोटं, आमी जिंकली. माणसं पुस्तकाकडं बघू लागली. त्रिंबकरावानं पान उघडलं आणि तो मोठ्यानं हसायला लागला. पुस्तकात लिहिलं होतं, 'ही मारामारी कोळी म्हणतात आम्ही जिंकली, धनगर म्हणतात आम्ही. दोघांची माणसं इथं पुरलेली आहेत, दोघंही इथं नारळ ठेवतात.' खाली दोघांची नावं होती. साहेबाला ते समजावून सांगताना कारकुनाचा आवाज बदललेला होता असं सांगतात.

सहाव्या दिवशी ते तुटक्या कड्यापाशी आले. आतापर्यंत बरोबर चालत आलेल्या माणसांची गर्दी मोठी झाली होती. त्रिंबकरावानं विचारलं, "या जागेचं नाव?"

कुणीच बोलेना. दुसऱ्यांदा विचारलं. त्यानं पान काढलं आणि त्याचा चेहरा उतरला. आता त्यालाही ते नको होतं, पण साहेबानं ते पान पाहिलं. साहेब जे बोलला ते कारकुनानं मान खाली घालून सांगितलं. "साहेब म्हणतात, बाकी डोंगर तुम्हाला मिळेल. पण या जागेला नाव नाही, गोष्ट नाही, पान कोरं आहे. ही जागा कुणाची नाही. रेघ इथून जाईल. कडा आणि त्याखालचा झरा सरकारात."

झरा गेला तर डोंगर असून नसून सारखा. ठकूनं बिराजीकडं पाहिलं.  तो म्हातारा गर्दीतून पुढं आला आणि कड्याच्या तुटलेल्या काठाशी जाऊन उभा राहिला.

"ही माझ्या बायकोची जागा," तो म्हणाला. "मैना तिचं नाव."

त्याला बायको होती हेच निम्म्यांना ठाऊक नव्हतं.

"सात दिस धुकं व्हतं. एक कोकरू चुकलं म्हणून ती हितं आली. धुकं जरा इरलं तवा तिला खालची दरड फाटताना दिसली. खाली जाऊन सांगायला येळ नव्हता, आन् धुक्यात वाट बी दिसत नव्हती. म्हणून ती मेंढरांना मारतात तशी हाक मारत उभी ऱ्हायली. दिसभर. मी पल्याडच्या सोंडंवर व्हतो. मला आवाज वळखू आला. पोचलो तवा उजेड सरत आला व्हता. घशातनं रगत येत व्हतं तिच्या. मला म्हणाली, समदी आली का? म्या म्हटलं, आली. आन् मग हा कडा गेला."

त्यानं काठीनं तुटलेला कडा दाखवला.

"सकाळी माणसं म्हणाली, आई हाक मारत व्हती. पाया पडत व्हती माणसं, रडत व्हती. मी काय सांगू? बोललो तर त्यांची आई जाईल. न बोललो तर माझी एकट्याची जाईल. म्हणून न्हाई बोललो."

 त्रिंबकराव अगदी हळू म्हणाला, "बाबा, रागावू नका. याला साक्ष कोण?"

 बिराजीनं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि दरीकडं तोंड करून हाक मारली. "यो, यो, योऽऽऽ! वर याऽऽऽ!" पंचाहत्तर वर्षांच्या छातीतून एवढा आवाज निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. दरीनं ती हाक घेतली, फिरवली आणि परत दिली.

आणि गर्दीच्या मागून दुसऱ्या हाकेनं तिला उत्तर दिलं. "उजव्या अंगानं याऽऽऽ! पाय चाचपून याऽऽऽ!"

माणसं बाजूला झाली. जानी सुईण होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं.

बिराजी वळला. काठी त्याच्या हातातून पडली. "तुला गं कसं ठावं? हाकंतलं पुढलं मी कुणालाच सांगितलं न्हाई."

"मी आठ वर्सांची व्हते," जानी म्हणाली. "आईचा हात सुटला माझा. एकटी आले ह्या हाकंवर. उजव्या अंगानं या, पाय चाचपून या. तशीच आले, पाय चाचपत. पन्नास वर्सं देवीला हात जोडले, सायेब. ती मेंढरं राखणारी बाई व्हती, आमच्यातली." मग ती बिराजीजवळ गेली आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. तिच्यामागून आणखी एक म्हातारी आली, मग एक म्हातारा. हाकेवर चालत आलेले अकरा जण त्या गर्दीत जिवंत होते.

सोनजी गुरव तसाच उभा होता. त्याच्या बापानं पूजा केली, तो करत होता. देवी माणूस निघाली तर गुरवाचं काय, हा विचार त्याच्या मनात आला नसेल असं नाही. ठकूनं त्याच्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "लिही की."

ती खाली बसली. पुस्तक तिनं मांडीवर घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं. "हाकाईचा कडा. इथून मैना बिराजी कोकरे हिनं दिवसभर हाक मारून चाळीस घरं वर आणली. आम्ही जिची पूजा करतो ती हीच. सांगणार तिचा नवरा. साक्ष जानी सुईण." बोरू एकदाही थांबला नाही.

साहेबानं टोपी काढलेली होती. त्यानं विचारलं, त्या हाकेवर एकंदर किती माणसं आली? कारकुनानं बिराजीला विचारलं. बिराजीनं गर्दीवरून हात फिरवला. "ही समदी."

तिथंच निकाल झाला. पांढरी निशाणं उपटली गेली आणि रेघ डोंगराच्या पायथ्याखाली, ओढ्यापलीकडं नेली. त्रिंबकरावानं शेवटच्या पानावर आपल्या हातानं लिहिलं, 'फेरी केली. तोंडचे व लिहिलेले ताडून पाहिले. मेळ बसला.' आणि खाली साहेबानं सही केली. धनगरांनी ढोल काढले. गजी नाचायला कोळी उतरले, ज्यांना त्यातलं एक पाऊल येत नव्हतं. तीन दिवस तीन वाड्या एका चुलीवर जेवल्या.

तिसऱ्या दिवशी ठकूनं पुस्तक बिराजीपुढं ठेवलं. "बाबा, तुम्ही म्हणाला होता, कागद आला की पोरं ऐकायची सोडतील. मला त्यावर उत्तर सापडलं नाही. तुम्हीच सांगा, याचं काय करायचं."

म्हाताऱ्यानं लाल कापडावरून हात फिरवला. मग म्हणाला, "ठिवा की. ज्यानं डोंगर राखला त्याला टाकायचं कशाला? पर जसा त्यो सायेब फिरला तसं वरसाला फिरायचं. आधी तोंड, मग पुस्तक."

मग ठकू डोंगर उतरली. एकटी नाही. तिन्ही वाड्या ढोल वाजवत तिला माहेरी घेऊन गेल्या. सव्वा वर्षानं तिनं ती वाट धरली होती. बाजारगावची माणसं दारात येऊन बघत होती, कुणाची वरात म्हणून. बाप जिथं बसून पोथी ऐकायचा त्या खांबापाशी ती बसली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तिनं पुस्तक वाचलं. दोन दिवस लागले. कुणीही नावं ठेवली नाहीत.

आजही बोलफेरीत पुस्तक पहिल्यांदा धनगराच्या सुनेच्या डोक्यावर चढतं आणि देवळात दिवा लावताना आम्ही गुरव मैनाबाईचं नाव घेतो. एकाची सात पुस्तकं झाली आहेत. गेल्या साली धरणाची मोजणी करायला माणसं आली, तेव्हा आमच्या पोरींनी त्यांना सहा दिवस फिरवलं आणि सातव्या दिवशी त्यांनी आपले खुंट आपल्याच हातानं उपटून नेले.

आणि आजही मोहरड्यावर मूल बोलायला लागलं की त्याला हाकाईच्या कड्यावर नेतात आणि हाक मारायला सांगतात. परवा माझ्या पणतीला नेलं होतं. अडीच वर्षांची आहे. आधी लाजली, आईच्या पदरात शिरली. मग एकदम पुढं होऊन अशी काही ओरडली, की खालच्या माळावर चरणारी तीनशे मेंढरं माना वर करून उभी राहिली आणि डोंगर चढायला लागली.